डीलेमध्ये काही बंद करू नये

आमच्या बार्शीत जमीन गार असते आणि ती गारच असावी लागते. मार्चमध्ये सकाळची शाळा सुटली की घरी येऊन दप्तर टाकायचं आणि शहाबादी फरशीवर पालथं पडायचं. पोटाखालची फरशी कोमट झाली की सरकून शेजारच्या फरशीवर जायचं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, फरशी बसवायचं काम करतात. पूर्वी शहाबादी आणि कोटा, आता बहुतेक टाइल्स. काम संपल्यावर घरमालक चप्पल काढून पाय टेकवतो आणि "गार लागतंय की" म्हणतो, तेव्हा अण्णांना काम पास झाल्यासारखं वाटतं. त्यामुळे पायाखाली गार लागणं हा घराचा दोष असू शकतो हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये कळलं. आणि तेही अर्धवटच कळलं, म्हणून पुढचं सगळं झालं.

मी इथे मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्याचा अभिमान घरी सगळ्यांना आहे, पण त्याची एक बाजू कुणाला सांगता येत नाही. अडलं तर विचारायचं कुणाला हे मला कधी नीट कळलेलं नाही. वर्गात सगळ्यांना एखादी गोष्ट माहीत आहे आणि आपल्यालाच नाही असं धरून मी गप्प बसायचे, आणि मग घरी येऊन शब्दांचे अर्थ लावत बसायचे. ती सवय सामानाबरोबर इकडेही आली.

राहायला खोली मिळाली ती एका योजनेतून. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात विद्यार्थ्याने राहायचं, आणि खोली जितके चौरस मीटर, महिन्याला तितके तास घरात मदत करायची. माझी खोली चौदा मीटरची होती. घरमालकीण एक्क्याऐंशी वर्षांच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे फ्राऊ आणि पुढे आडनाव लावून हाक मारायचे, पण मनात पहिल्या दिवसापासून 'बाई'च म्हणत आले. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला दुसरं काय म्हणणार?

बाईंचं घर त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं. खाली तळघर, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर लाकडी पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवर आम्ही. पट्ट्यांच्या मध्ये फटी. मधे काही भरलेलं नाही. दिवाणखान्यात हिरव्या टाइल्सची मोठी भट्टी होती, तिला ओफन म्हणतात. पण तिचं तोंड दिवाणखान्यात नव्हतं. लाकडं घालायचं दार भिंतीपलीकडे, पुढच्या दारातून आत आल्यावर जिथे बूट आणि कोट ठेवतात त्या जागेत होतं, म्हणजे राख बैठकीत उडत नाही. त्या जागेला विद्यापीठात सगळे 'फ्लुअर' म्हणतात, म्हणून मीही फ्लुअर म्हणायचे. बाई बोलताना नुसतं 'पुढे' म्हणायच्या. हे मी मुद्दाम सांगते आहे.

पहिल्याच आठवड्यात बाई खुर्चीत बसल्या होत्या, पाय उचलून त्यांनी पाटावर ठेवले आणि म्हणाल्या, "एस त्सीट." त्सीएन म्हणजे ओढणे, एवढं मला येत होतं. काहीतरी ओढायचं आहे. मी उठले आणि खिडकीचा पडदा ओढला. त्यांनी थँक्यू म्हटलं आणि पाय तसेच पाटावर ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "एस त्सीट." मी दुसरा पडदा ओढला. मग मात्र त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा हात धरून खाली जमिनीजवळ नेला आणि फटीवर धरला. खालून एक बारीक, सरळ, थंड रेघ वर येत होती. ही हवा ओढली जाते, तिला 'त्सीट' म्हणतात. दार-खिडकी सगळं बंद असताना जमिनीतून वारा येतो हे पाहून मला दोन दिवस कसंतरी वाटत राहिलं.

अण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "जमिनीतनं वारं? खाली कुत्र्या-मांजरानं बीळ केलंय का बघ की."

दुसऱ्या वर्षी बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन सप्टेंबरच्या शेवटी ठरलं. त्यानंतर तीन आठवडे त्या एका रिहा क्लिनिकमध्ये राहणार होत्या, चालायला शिकायला. त्यांची एकुलती एक मुलगी हॅनोव्हरला असते, ती स्वतः साठीला टेकलेली. ती एका शनिवारी आली तेव्हा तिच्या पिशवीत एक फॉर्म होता. तिच्या घराजवळ म्हाताऱ्या लोकांसाठी बांधलेले फ्लॅट आहेत, लिफ्ट आहे, जमिनीतूनच गरम पाण्याचे पाइप आहेत. आम्ही तिघी स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो. मुलगी माझ्याकडे बघून, मला सगळं माहीत असल्यासारखं म्हणाली, "ममा त्सीट नाख हॅनोव्हर."

मी विचार केला. मग म्हटलं, "पण हॅनोव्हर तर साठ किलोमीटर लांब आहे."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी आणखी स्पष्ट केलं की वारा एवढ्या लांबून येणार नाही, तो तळघरातूनच येतो, मी हात लावून बघितला आहे. मुलीने कप खाली ठेवला आणि ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. बाईही हसल्या. मग शिक्षिकेच्या आवाजात त्यांनी सांगितलं की त्सीएन म्हणजे राहायची जागा बदलणे असाही अर्थ होतो. ममा हॅनोव्हरला राहायला जाणार, असं ती म्हणते आहे. एवढं सांगून त्यांचं हसू थांबलं. "असं ती म्हणते," त्या पुन्हा म्हणाल्या. "मी नाही."

मग त्या दोघींचं जे बोलणं झालं ते भांडण होतं की नाही हे मला नक्की सांगता येणार नाही. आवाज कुणीच चढवला नाही. मुलीचं म्हणणं, नवा खुबा, सुन्न पडलेले पाय, आणि आई टेबल-खुर्च्या धरत चालणार, पडली तर दिवसभर कुणाला कळणार नाही, ही मुलगी कॉलेजात असते. 'ही मुलगी' म्हणजे मी. मागच्या हिवाळ्यात तिने आईच्या खुर्चीखाली जमिनीवर थर्मामीटर ठेवला होता, भट्टी पेटलेली असताना तो तेरा अंश दाखवत होता. शेवटी ठरलं ते असं. बाई क्लिनिकमधून येतील त्या दिवशी संध्याकाळी भट्टी पेटवून खुर्चीखाली अठरा दाखवलं तर फॉर्म भरायचा नाही. नाहीतर नोव्हेंबरमध्ये हॅनोव्हर.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जमिनीचं मी करते." का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. हीट ट्रान्सफरचा विषय मी नुकताच दुसऱ्या प्रयत्नात काढला होता. लाकडातून, हवेतून, फायबरमधून किती उष्णता जाते ते कागदावर मला येत होतं. स्क्रू पिळायला मात्र येत नव्हता. अण्णांनी मला कधी कामावर नेलं नाही. "माझे गुडघे गेले तेवढे बास," म्हणायचे.

पुढच्या शनिवारी मुलगी गाडीतून लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या जाड गाद्या, पट्ट्या आणि दोरीची गुंडाळी घेऊन आली. तिने मला सगळं एकदा दाखवलं. तळघरात उभं राहून, वरच्या तुळयांच्या मधे गादी कापून बसवायची आणि खालून आडव्या पट्ट्या मारायच्या. वर घरात लाकडी पट्ट्यांच्या मधल्या फटींमध्ये दोरी ठासायची. दोरी म्हणजे आपली पोत्याला बांधायची सुतळीच, जरा जाड. भिंतीच्या कडेने फेल्ट, म्हणजे जाड दाबलेलं लोकरी कापड, घालायचं. लाकडी पट्टीवर बोटाने टकटक करून तिने नावही सांगितलं: डीले. एक असली तर डीले, अनेक असल्या तर डीलेन. मी ते वहीत लिहून घेतलं.

बाई जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. शाळेतल्या फळ्यावर असावं तसं गोल, सुटं अक्षर. झाडांना पाणी कधी, टपाल कुठे, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर. सगळ्यात शेवटी एक ओळ, तिच्याखाली रेघ: "डीलेमध्ये काही बंद करू नये."

मला ती ओळ विचित्र वाटली, पण समजली. निदान समजली असं वाटलं, आणि तिथेच फसले. न समजलेलं मी शोधते, समजलं असं वाटलेलं कुणाला विचारणार? डीले म्हणजे लाकडी पट्टी, एकवचनी. पट्टीमध्ये काही बंद करायचं नाही. म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधली फट बंद करायची, पण खुद्द पट्टीच्या अंगात ज्या भेगा आहेत, गाठी निघून पडलेली भोकं आहेत, ती तशीच ठेवायची. लाकूड हलत असणार, श्वास घेत असणार, असलं काहीतरी मी मनाशी जुळवलं. जुन्या माणसांना जुन्या लाकडाचं कळतं. मी ती चिठ्ठी स्वयंपाकघरात चिकटवली आणि ती तंतोतंत पाळायची ठरवलं.

तळघरात पहिल्या दिवशी मी तुळयांमधलं अंतर मोजलं आणि गाद्या अगदी त्याच मापाच्या कापल्या. मिलिमीटरचाही फरक नाही. सहा बसवल्या आणि फार समाधान वाटलं. जेवून परत आले तर चार खाली पडलेल्या, पाचवी माझ्या देखत सावकाश सुटली आणि खांद्यावर आली. माप बरोबर होतं. मी तिसऱ्यांदा मोजलं, तरी बरोबर. बरोबर असून पडते कशी, हे मला कळेना. शेवटी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. मी गुडघ्याला पॅड बांधून, डोक्यावर ओढणी गुंडाळून धुळीत उभी होते हे विसरूनच गेले. आतापर्यंत त्यांना मी कॉलेजचा प्रोजेक्ट आहे असं सांगत होते.

ते स्क्रीनच्या अगदी जवळ आले. मग म्हणाले, "काय करायलीस ग तू?"

मी सांगितलं. त्यांनी कॅमेरा तुळईकडे न्यायला लावला, मग पडलेल्या गादीकडे, मग पुन्हा माझ्या गुडघ्यांकडे. प्रोजेक्टबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, टाइल कापताना ते नेहमी एक दोरा कमी कापतात, कारण टाइल दाबली तर फुटते. दोरा म्हणजे इंचाचा आठवा भाग, सगळे मिस्त्री तेच माप वापरतात. "पर हे तर मऊ हाय. मऊ असतंय ते धरायला पाहिजे. ह्याला दोन-तीन दोरे जास्ती काप आन् दाबून घाल." आणि फोन ठेवता ठेवता, "गुडघ्याखाली पोतं घे. त्या पॅडनं काय होत न्हाई."

तीन दोरे जास्त कापलेल्या गाद्या दाबून बसवल्या, त्या पडल्या नाहीत. इंजिनियरिंगची चार वर्षं आणि वर मास्टर्स, आणि हे मला फोनवर कळलं याची लाज वाटावी की बरं वाटावं ते ठरवता आलं नाही. दोन्ही वाटलं.

वरच्या फटी शोधायलाही त्यांचीच पद्धत मी वळवून घेतली. फरशी बसवल्यावर अण्णा पाणी ओतून बघतात. पाणी कुठे जातं त्यावरून उतार कळतो. लाकडावर पाणी ओतता येत नाही, म्हणून मी उदबत्ती लावली. आईने निघताना पुडा दिला होता, देवापुढे लावायचं राहूनच गेलं होतं. सकाळच्या उजेडात उदबत्ती जमिनीजवळ धरून मी गुडघ्यांवर सरकत जायचे, खाली घडी घातलेलं पोतं. धूर सरळ वर गेला तर ठीक. वाकला, थरथरला, तर तिथे खडूने खूण. मग बोथट सुरीने दोरी ठासायची, पट्टीच्या पातळीच्या जराशी खाली. दिवाणखान्याला सहा दिवस लागले. पट्ट्यांमधल्या गाठींची भोकं मी एकेक चुकवत गेले. एका भोकातून तर चांगला वारा यायचा, दोरी हातात होती, पण चिठ्ठी आठवायची आणि मी पुढे सरकायचे.

बूट ठेवायच्या जागेत, भट्टीच्या तोंडापुढे, धुराने फार वेगळं केलं. तो थरथरला नाही. एका बाजूला आडवा झाला आणि भट्टीच्या दाराकडे सरळ खेचला गेला, कुणीतरी दोऱ्याने ओढावा तसा. तिथल्या जमिनीत एक लहान लोखंडी जाळीही होती, खाली तळघरात उघडणारी. मी त्या जागेला मनात 'मुख्य गळती' असं नाव दिलं. सगळ्यात जास्त दोरी मी तिथे वापरली, दोन पदरी. जाळीला खालून गादी लावून वर फळी मारली, चार स्क्रू. मग पुन्हा उदबत्ती धरली. धूर सरळ वर. मी त्याचा फोटो काढून ठेवला, अजून माझ्या फोनमध्ये आहे.

बाई यायच्या शनिवारी मी सकाळी खुर्चीखाली थर्मामीटर ठेवला. त्या आल्यावर घर ऊबदार असावं म्हणून त्यांच्या येण्याआधी तासभर भट्टी पेटवली. आधी कागद, मग काटक्या, मग दोन लाकडं, त्यांनी मागच्या वर्षी शिकवलं होतं तसंच. काटक्या पेटल्या. मग ज्वाळा आखडली, पिवळट झाली, आणि धूर वर जायच्या ऐवजी दाराच्या फटीतून बाहेर, माझ्या तोंडावर आला. मी दार घट्ट लावलं, तर धूर कडेकडेने यायला लागला. मला वाटलं लाकूड ओलं असेल. मग वाटलं धुराडं तुंबलं असेल. मी पुस्तकातलं सगळं आठवत उभी राहिले, आणि धूर कोटांवर, बुटांवर, बैठकीत पसरत गेला. शेवटी मी सगळ्या खिडक्या आणि पुढचं दार सताड उघडलं.

तेवढ्यात गाडी आली. बाई वॉकर धरून पायरी चढल्या आणि समोर मी, काळं तोंड, सगळं घर उघडं, आतून धूर आणि बाहेरून ऑक्टोबरची हवा. मुलीने आधी आईला धरलं, मग माझ्याकडे बघितलं, मग तिने डोळे मिटले. "बास, ममा," एवढंच ती म्हणाली. मला तीन आठवड्यांत कुणी इतकं कमी बोलून इतकं सांगितलं नव्हतं.

बाई आत आल्या नाहीत. दारातच वॉकरवर टेकून त्यांनी खाली बघितलं, जमिनीकडे. वॉकर अर्धा फूट पुढे सरकवला, बुटाच्या टोकाने दोरी दाबून पाहिली. जाळीकडे पाहिलं. मग मला विचारलं, मी त्यांची चिठ्ठी वाचली नाही का.

मी सांगितलं, वाचली. पाळलीही. एका पट्टीतलं एक भोकसुद्धा बंद केलेलं नाही, हवं तर बघा. आणि त्यांना दिवाणखान्यातलं सगळ्यात मोठं भोक लांबून दाखवलं.

बाईंनी त्या भोकाकडे बघितलं. मग त्यांनी वॉकरवरचा एक हात काढला आणि आपल्या पायाखालच्या जागेकडे, भिंतीपासून भिंतीपर्यंत, बोट फिरवलं. "ही," त्या म्हणाल्या, "ही डीले."

जुन्या माणसांच्या जर्मनमध्ये घरात शिरल्यावरची ती मोकळी जागा, जिला मी फ्लुअर म्हणायचे, तिलाच डीले म्हणतात. लाकडी पट्टीही डीले आणि ती जागाही डीले. डीलेमध्ये काही बंद करू नये, म्हणजे इथे, भट्टीच्या तोंडापुढे, काही बंद करू नये. मी सगळ्या घरात जे एकच ठिकाण बंद करायचं नव्हतं ते सगळ्यात मन लावून बंद केलं होतं.

मुलीने फोन केला तो दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाला. धुराडी तपासायचं काम इथे सरकारने नेमून दिलेला माणूस करतो, आणि या भागातला तो माणूस लहानपणी बाईंच्या वर्गात होता. शनिवार असून घरच्या कपड्यांत आला. चांगला पन्नाशी ओलांडलेला, केस पांढरे. बाई त्याला 'पोरा' म्हणाल्या आणि शाळेतही तू असाच उशिरा यायचास म्हणाल्या. तो त्यांना अहोजाहो करत होता आणि बूट काढून मगच आत आला.

त्याने धुराड्यात वाकून बघितलं, मग गुडघ्यांवर बसून माझ्या दोरीवरून अंगठा फिरवला. जाळीवर टॉर्च मारला. "कुणी केलं हे?"

मी वर्गात करतात तसा हात वर केला.

"सुंदर काम आहे," तो म्हणाला. "फारच सुंदर. आता काढा."

त्याने मला समजावलं ते मला आधीपासून येत होतं, म्हणून जास्तच लाज वाटली. आगीला हवा लागते. ही भट्टी ती हवा याच जागेतून, या फटींतून आणि या जाळीतून घेते, म्हणून तर जाळी ठेवलेली असते. ती बंद केली की भट्टी धुराड्यातूनच उलटी हवा ओढायला बघते आणि धूर घरात येतो. धूर दिसतो हे नशीब, म्हणाला, जो वायू दिसत नाही त्यात माणूस झोपेत जातो. हे वाक्य तो हळू बोलला, पण मुलीने ऐकलं. उदबत्तीच्या धुराने मला हेच तर दाखवलं होतं, अगदी बोट धरून. मी त्याला गळती म्हणाले.

दुपारी मी डीलेमध्ये बसून दोरी उपटली. ठासायला दोन दिवस लागलेली दोरी निघायला दीड तास. बाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि राहिलेले तुकडे दाखवत होत्या, डावीकडे, अजून डावीकडे, ते तिथे. मधेच त्यांनी मुलीकडून ती चिठ्ठी आणि लाल पेन मागवलं. 'डीले' या शब्दावर एक लहान '२' लिहिला आणि खाली तळटीप: "२. घरात शिरल्यावरची जागा. माझी चूक, संदर्भ दिला नाही." मी म्हटलं चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, तपासणारी मी आहे.

जाळी मोकळी झाल्यावर त्या माणसाने स्वतः भट्टी पेटवली. ज्वाळा उभी राहिली आणि आतून घूं असा आवाज आला. "त्सीट," तो म्हणाला आणि मान डोलवली. भट्टीलाही त्सीट म्हणतात, आणि तिच्या बाबतीत ती चांगली गोष्ट असते, हे मला तेव्हा कळलं. त्याने आपलं यंत्र लावून खात्री केली, बाईंच्या हातची कॉफी मिळाली नाही म्हणून तक्रार केली आणि गेला.

खिडक्या बंद केल्या. आता फक्त वाट बघायची होती. मुलगी दर थोड्या वेळाने वाकून खुर्चीखाली बघायची. चौदा. पंधरा. बाई खुर्चीत, पाय खाली जमिनीवर टेकवून. पाट मी मुद्दाम दूर सरकवला होता की त्यांनीच सरकवला, आठवत नाही. फॉर्म असलेली पिशवी टेबलावर होती आणि आम्ही तिघीही तिच्याकडे बघत नव्हतो. साडेसोळाला बराच वेळ थांबला. डीलेकडच्या दाराखालून थंडी येत होती हे मला हात न लावता कळत होतं. आता ती कुठून येते आणि का, हेही कळत होतं, पण करायचं काय ते कळत नव्हतं. तिथली जमीन उघडी ठेवायची, इथली बंद करायची, आणि मधे दार.

बाहेर दिवे लागले तेव्हा मुलगी शेवटची वाकली. "साडेसतरा, ममा."

अठरा नाही. मी माझ्या हाताकडे बघितलं. नखांत सुतळीचे तंतू होते.

मुलगी खाली गुडघ्यांवरच बसून राहिली. तिने तळहात जमिनीवर ठेवला, मग थोडा पुढे, मग आईच्या पावलाला लावला. मोज्यावरूनच. तिथे हात बराच वेळ राहिला. मग तिने वर बघून विचारलं, आणि तिच्या विचारण्यात मला पहिल्यांदाच खरा प्रश्न ऐकू आला, "मग? त्सीस्ट डू?" जातेस का?

बाई म्हणाल्या, "डेअर ओफन त्सीट. डास राइश्ट."

भट्टी ओढते आहे. तेवढं पुरे.

मला वाटलं आता दोघी बोलतील. मुलगी उठली, गुडघे झटकले, पिशवी उचलून कोटाशेजारी ठेवली. याचा अर्थ फॉर्म परत जाणार की उद्या भरणार, हे मला समजेना. साडेसतरा म्हणजे पास की नापास? इथे परीक्षेत अर्ध्या गुणावर लोकांचं वर्ष गेलेलं मी बघितलं आहे. मी मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ती डीलेकडच्या दारापाशी गेली, खाली वाकून दाराखाली बोटं घातली आणि मला मापाची टेप आणायला सांगितली. पुढच्या शनिवारी येताना ती या दाराला खालून लावायची ब्रशची पट्टी आणणार होती. बाईंनी, मान न वळवता, येताना सफरचंदंही आण म्हणून सांगितलं, डीलेत चांगली टिकतात.

पुढच्या शनिवारी. मी तो शब्द दोनदा मनात म्हणून बघितला, दुसरा काही अर्थ निघतो का ते. निघाला नाही.

मी दाराचं माप घेतलं, चौऱ्याऐंशी सेंटीमीटर आणि दोन मिलिमीटर. लिहायच्या आधी थांबले. मग विचारलं, पट्टी एक दोरा कमी आणायची की जास्त.